गेलेला प्रवाह परत आलाच पाहिजे

उपकरण चालताना विद्युतप्रवाह वापरून संपवते, अशी समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. वापरली जाते ती ऊर्जा. प्रवाह संपत नाही. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्ट दाबावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, आणि कोणत्याही क्षणी फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारेत जितका प्रवाह असतो नेमका तितकाच न्यूट्रलच्या (परतीच्या) तारेतही असतो. मंडलातील (सर्किटमधील) कोणत्याही जोडबिंदूत येणारा एकूण प्रवाह तेथून जाणाऱ्या एकूण प्रवाहाइतकाच असतो, हा नियम गुस्टाव्ह किरचॉफ यांनी १८४५ मध्ये, विद्यार्थिदशेतच मांडला. घरातील सुरक्षिततेविषयी मला आज जे सांगायचे आहे, ते याच नियमातून निघते.

फेजच्या तारेला हात लागल्यावर धक्का का बसतो? वीज वितरणाच्या रोहित्रातील (ट्रान्सफॉर्मरमधील) न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो, त्यामुळे शरीरातून जमिनीत उतरलेल्या प्रवाहाला रोहित्राकडे परतण्याची वाट मिळते. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर ओहमच्या नियमानुसार त्याच्या शरीरातून सुमारे ०.२३ अँपिअर प्रवाह वाहील. हृदयाची लय बिघडवून प्राण घेण्यास एवढा प्रवाह पुरेसा आहे.

आता घरातील वीजफलकावरील १६ अँपिअरच्या एमसीबीचा, म्हणजे जास्त प्रवाह आल्यास आपोआप पडून मंडल तोडणाऱ्या खटक्याचा, विचार करा. तिच्या दृष्टीने ०.२३ अँपिअर म्हणजे एखादा छोटा दिवा लागल्यासारखे आहे. ती पडण्याचे काही कारणच नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अतिभार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास तार जळण्यापूर्वी मंडल तोडणे, एवढ्यासाठीच एमसीबी असते. ती तारेचे रक्षण करते, माणसाचे नाही. हा फरक घर बांधताना प्रत्येकाला कोणीतरी समजावून सांगायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

माणसाचे रक्षण करते ती आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून मंडल तोडणारा खटका, आणि तिच्या रचनेत किरचॉफचा नियम अक्षरशः वापरलेला आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोहचुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. दोन्हींतील प्रवाह सारखे व विरुद्ध दिशांचे असेपर्यंत त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. थोडा प्रवाह शरीरातून जमिनीत गेला, की परतीच्या तारेत तितकी तूट येते, कड्यात चुंबकीय क्षेत्र उरते आणि कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात निर्माण झालेला विद्युतदाब खटका सोडवतो. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घेतात. आपल्या उदाहरणातील २३० मिलिअँपिअरला तिने ०.०४ सेकंदाच्या आत मंडल तोडावे, अशी अपेक्षा असते. हृदयाच्या एका ठोक्याला लागणाऱ्या वेळेचा हा फार छोटा अंश आहे.

म्हणून अर्थिंग, म्हणजे उपकरणाचा धातूचा भाग तारेने जमिनीशी जोडणे, अनावश्यक ठरते का? मुळीच नाही. गिझरची धातूची टाकी अर्थिंगला जोडलेली असेल, तर आत गळती सुरू होताच प्रवाह त्या वाटेने जातो आणि कोणी हात लावण्यापूर्वीच आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल, तर ती वाट आपल्या शरीरातून तयार होईपर्यंत आरसीसीबीला दोष कळत नाही. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन लांब ठेवतात तीही याचसाठी: अर्थिंग आधी जोडले जावे आणि शेवटी सुटावे. आरसीसीबीला मर्यादाही आहे. जमिनीपासून अलग उभ्या असलेल्या माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर गेलेला सगळा प्रवाह परत येतो आणि तिला काहीच वावगे दिसत नाही.

अनेक घरांत आरसीसीबी वारंवार पडते, म्हणून ती बायपास केली जाते. पुष्कळदा उपकरणात दोष नसतो; इन्व्हर्टर बसवताना दोन मंडलांचे न्यूट्रल एकत्र जोडले गेलेले असतात, त्यामुळे एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो. ती बरोबरच सांगत असते. अशा वेळी तंत्रज्ञाकडून प्रत्येक मंडलाचा न्यूट्रल वेगळा करून घ्यावा, आणि नंतर आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून ती खरोखर पडते की नाही हे ठरावीक काळाने पाहत राहावे.