मळ कुठे साचतो
(दादरच्या एका लहान सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, दिवाळीत चाळीच्या जिन्याखाली ज्यांनी मातीचा किल्ला केला आहे, त्यांना छोट्या आकृत्यांची ओढ काय असते हे सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की किल्ल्यावरचा मावळा रंगवूनच विकत मिळतो. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळातले ऑर्क (काल्पनिक राक्षसी योद्धे), सांगाडे आणि उंदीरमुखी सैनिक मात्र राखाडी प्लास्टिकचे, साधारण 28 मिलिमीटर उंचीचे आणि कोरे येतात. खेळायला ते 40-50 तरी लागतात. प्रत्येकाला सावली, मधली छटा आणि उजेड असे थर ब्रशने देत बसले, तर या गणपतीत हाती घेतलेली पलटण पुढच्या गणपतीतही अर्धीच राहते.

डिपिंग, म्हणजे आकृती व्हार्निशमध्ये बुडवून सावल्या देण्याची युक्ती, या अडचणीतून आले. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या लक्षात आले, की लाकडाला रंग आणि चमक एकदमच देणारे मिनवॅक्स कंपनीच्या पॉलिशेड्ससारखे तेलकट व्हार्निश साध्या रंगांनी रंगवलेल्या आकृतीवर चढवले, तर तिच्या सगळ्या खाचा आपोआप गडद होतात. पुढे डेन्मार्कच्या द आर्मी पेंटर या कंपनीने क्विकशेड नावाने याच कामासाठी सौम्य, मध्यम आणि गडद अशा तीन छटांचे डबे आणले. कृती दोन वाक्यांत सांगता येते. प्राइमर मारावा, प्रत्येक भागाला सपाट रंगाचा एकच हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर आकृती चिमट्यात धरून डब्यात बुडवावी किंवा ब्रशने माखावी. मग जास्तीचे व्हार्निश झटकून ती दिवसभर किंवा त्याहूनही जास्त वेळ वाळू द्यावी आणि शेवटी वर मॅट, म्हणजे चमक नसलेले, व्हार्निश मारावे.

यात आपल्या वतीने काम कोण करते, ते पाहण्यासारखे आहे. पातळ द्रव पृष्ठताणामुळे तीक्ष्ण कडेवर टिकत नाही, तो मागे सरतो आणि खोलगट जागी गोळा होतो. जिथे थर जाड तिथे रंग गडद, जिथे पातळ तिथे खालचा रंग जवळजवळ तसाच दिसतो. पूल आणि जहाजे रंगवणाऱ्यांच्या दृष्टीने हा दोष आहे, कारण कडेवरचा रंग पातळ राहिला की गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून ते कडा घासून गोल करतात आणि कडांना ब्रशने वेगळा हात देतात. आपण त्याच दोषावर जगतो. सावल्या आकृती घडवणाऱ्याने आधीच कोरून ठेवलेल्या असतात, व्हार्निश त्या फक्त दाखवते. म्हणूनच केसाळ, सुरकुतलेल्या, साखळीचे चिलखत घातलेल्या आकृतीला डिपिंग शोभते, आणि मोठी ढाल किंवा गुळगुळीत झगा असलेल्या आकृतीवर त्याचे नुसते डाग पडतात.

डिपिंगला आळशाची युक्ती म्हणणारे भेटतात. ते एक गोष्ट विसरतात: बुडवण्यापूर्वीचा विचार इथे नेहमीपेक्षा जास्त करावा लागतो, कारण बुडवल्यानंतर दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. तपकिरी व्हार्निश सगळेच रंग गडदपणाकडे ओढते. पांढरे हाड जुन्या हस्तिदंतासारखे होते आणि तांबडा रंग वाळलेल्या रक्ताकडे झुकतो; हे दोन्ही आपल्याला हवेच असते. निळ्याचा मात्र मळकट हिरवट रंग होतो. त्यामुळे मूळ रंग हवा त्याहून एक-दोन छटा उजळ, थोडा भडकच ठेवावा. बुडवल्यानंतरची पहिली 10 मिनिटे तर कोरड्या ब्रशची असतात: हनुवटीखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि झग्याच्या काठाला लोंबणारे थेंब टिपून घ्यावे लागतात. ते राहिले तर तिथे काळा, चकचकीत मणी वाळतो आणि तो खरवडताना खालचा रंगही निघतो.

झटकण्याचे काम कुठे करावे, यावरही एक शब्द. मी पहिल्यांदा ते चाळीच्या गॅलरीत केले, आणि शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तपकिरी शिंतोड्यांची नक्षी उमटली. ती चादर मला भरून द्यावी लागली. तेव्हापासून मी खोक्याच्या आत झटकतो.

साहित्य आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलात, तर नुसते ‘थिनर द्या’ म्हणू नका. दुकानदार बहुधा एनसी थिनर (लॅकर पातळ करायचे तीव्र द्रावक) पुढे करील, आणि ते आपल्या आकृत्यांचे पॉलिस्टायरिन प्लास्टिक विरघळवते. सैनिकाचे नाक डोळ्यांदेखत मऊ पडते. आपल्याला हवे ते मिनरल टर्पेंटाइन. फ्रेंच पॉलिश स्वस्त पडते, पण ते स्पिरिटमधले लाखेचे पॉलिश असल्याने अ‍ॅक्रिलिक रंग उखडते. तेलकट व्हार्निश पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. वाळताना त्या तापतात आणि पेटूही शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

आता शीर्षकातल्या मळाचा प्रश्न. व्हार्निशमधून निघालेली आकृती मळकी दिसते का? ती जुनी दिसते, सावलीत उभी असल्यासारखी दिसते, पण मळकी दिसतेच असे नाही. मळाची स्वतःची वाट असते आणि ती पाहायला मुंबईसारखी शाळा नाही. गिरगावातल्या किंवा लालबागेतल्या एखाद्या जुन्या इमारतीसमोर पावसाळ्यानंतर उभे राहा. काजळी भिंतभर सारखी नसते. ती खिडकीच्या फळीच्या दोन्ही टोकांपासून ओघळत खाली येते, फुटलेल्या पाइपाच्या बाजूने शेवाळाचा हिरवा पट्टा उतरतो आणि लोखंडी गजांच्या मुळाशी तांबूस अश्रू दिसतात. व्हार्निश मळ खाचेत बसवते, पाणी मात्र तो खाचेतून बाहेर काढून खाली नेते. ही दुसरी हालचाल डब्यातून मिळत नाही, ती हाताने द्यावी लागते.

त्यासाठी मॅट व्हार्निश वाळल्यानंतर पट्ट्याखाली, खिळ्याखाली किंवा चिलखताच्या सांध्याखाली बर्न्ट अंबर या गडद तपकिरी तेलरंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवावा, आणि टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या सपाट ब्रशने तो सरळ खाली ओढावा. ओघळ नेहमी खालीच जातो. पळत्या पोजमधल्या सैनिकाच्या बाबतीत हे हटकून चुकते, कारण आपण आकृती हातात तिरकी धरलेली असते. गंजासाठी मी रांगोळीच्या दुकानातला गेरू वापरतो. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा आणि गंजाचाही त्याचाच, त्यामुळे रंग जुळवत बसण्याचा प्रश्नच येत नाही. बारीक चाळलेला गेरू कोरड्या ब्रशने तलवारीच्या मुठीजवळ आणि पावलांभोवती दाबून बसवावा.

आपल्या हवेबद्दल एक सावधगिरी. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते. स्प्रेमधले द्रावक झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प धरते आणि मॅट व्हार्निश पांढुरके होते. महिनाभर खपून केलेली पलटण पिठात लोळल्यासारखी दिसते. असे झालेच, तर वर चमकदार व्हार्निशचा एक हात दिल्याने पांढुरकेपणा बऱ्याचदा जातो, आणि मग कोरड्या हवेत पुन्हा मॅट मारता येते. मी मात्र बुडवण्याचे काम पावसाळ्यात केले, तरी मॅट स्प्रे दिवाळीनंतरच्या दुपारींसाठी राखून ठेवतो.

या ट्रेमध्ये तीन उंदीरमुखी सैनिक आहेत: एक नुसत्या सपाट रंगांचा, दुसरा काल रात्री बुडवलेला, तिसरा ओघळ आणि गेरू दिलेला. पुढे येऊन जवळून पाहा. मधल्याला मात्र हात लावू नका, तो अजून चिकट आहे.