रांजण जमिनीत, वाइन रांजणात

[दृश्य: फ्युनिक्युलरचा डबा डोंगर चढतोय. खाली तिबिलिसीची छपरं, वर टीव्ही टॉवर. रुळांचा आवाज चार सेकंद मोकळा ठेवावा.]

मे महिना. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. शहराच्या डोक्यावर म्तात्समिंदा नावाचा डोंगर आहे आणि त्या डोंगरावरच्या बागेत नव्या वाइनचा उत्सव भरलाय. मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन आत्ता कुठे चारचौघांत येते. इथल्या ‘वाइन क्लब’ने २०१० साली हा उत्सव सुरू केला.

[दृश्य: टेबलांची रांग. छापील फलकांवरून कॅमेरा सरकतो, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर थांबतो.]

मोठ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांचे फलक लांबूनच दिसतात. कॅमेरा मात्र या टोकाला वळतो. इथे टेबलामागे जे कुटुंब उभं आहे, त्यांनीच द्राक्षं तोडली, त्यांनीच तुडवली आणि बाटलीवरची चिठ्ठीही त्यांच्याच हातची.

[दृश्य: ग्लास उन्हात धरलेला. अगदी जवळून.]

द्राक्ष पांढरं, जात रकात्सितेली. रंग मात्र दूध न घातलेल्या चहाचा. इथे या रंगाला अंबर म्हणतात. एरवी पांढरी वाइन करताना रस काढला की सालं बाजूला टाकतात. इथे रस, सालं, बिया आणि पिकलेले देठ एकत्रच आंबतात आणि पुढे पाच-सहा महिने एकत्रच राहतात. म्हणून घोट घेतला की जिभेच्या कडांना तुरट लागतं. फ्रीजमधून काढून थेट प्यायली तर उरतो फक्त हा तुरटपणा, बाकीची चव मिटून जाते. बारा ते सोळा अंश ठीक.

आणि एक सूचना. घोट गिळल्यावर दहा सेकंद थांबा. घरगुती वाइनचा एक दोष नाकाला सापडतच नाही. आम्लात तो दबलेला असतो. लाळेने आम्लता उतरली की घशातून उंदराच्या बिळासारखा वास वर येतो. चाखणारे जाणकार म्हणूनच लगेच दाद देत नाहीत.

[दृश्य: कट. कुंभाराचं अंगण. माणसाच्या उंचीचा अर्धवट रांजण, भोवती फिरणारे हात.]

या वाइनचं भांडं म्हणजे क्वेव्री. आपल्या भाषेत रांजण, पण बुडाशी टोकदार, अंड्यासारखा. पूर्वेकडच्या काखेती प्रांतातलं वार्दिसुबानी, पश्चिमेकडच्या इमेरेती प्रांतातलं मकातुबानी अशी मोजकीच गावं आता हे काम करतात.

चाक नाही, साचा नाही. आधी टोकाकडचा तळ घडवायचा, मग मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत जायच्या. दिवसाला अर्धी-पाऊण वीत, त्याहून जास्त नाही. घाई केली तर खालची ओली माती वरचं वजन पेलत नाही आणि पोट बाहेर फुगतं. आजची कड ओल्या फडक्याने झाकून ठेवायची, म्हणजे उद्याची वळी तिला धरते. कड सुकली तर सांधा कच्चा राहतो. तो कच्चेपणा आज दिसत नाही, भट्टीत दिसतो. हजार लिटरचा एक रांजण उभा राहायला कित्येक आठवडे जातात. म्हणून कुंभार एका वेळी पाच-सहा रांजण धरतो. याची कड ओढून झाली की त्याच्याकडे, तिथून पुढच्याकडे.

[दृश्य: अंगठा कडेवर फिरतोय. ओल्या मातीत बोटाचे ठसे. आवाज: फक्त माती.]

[दृश्य: भट्टीचं तोंड विटांनी बुजवताना. रात्रीची आग.]

मग सावलीतली वाळवण, तीन-चार आठवडे. उन्हात ठेवला तर एक बाजू आधी आकसते आणि रांजण तडकतो. वाळले की सगळे एकदम भट्टीत. तोंड विटांनी बंद. लाकडाची आग आधी मंद, कारण भिंतीत अडकलेलं पाणी वाफ होऊन सावकाश सुटायला हवं. मग चढवत चढवत हजार अंशांच्या आसपास. साधारण आठवडाभर कुणीतरी भट्टीपाशी जागं असतं.

[दृश्य: कोमट रांजणाच्या आत मेणाचा बोळा फिरतोय. धूर.]

बाहेर काढलेला रांजण पुरता निवायच्या आत त्याला आतून मधमाशीचं मेण लावतात. इथे अंदाज चुकला की पुढचं सगळं चुकतं. रांजण फार तापलेला असेल तर मेण जळतं किंवा पार आत जिरून जातं. गार असेल तर वरच साय धरतं आणि नंतर पापुद्रे सुटून वाइनमध्ये तरंगतात. मेण मोठी छिद्रं बुजवण्यापुरतं हवं. काचेसारखी गुळगुळीत भिंत नकोय. मातीतून थोडी हवा आत यावी, हीच तर या भांड्याची खुबी. बाहेरून चुन्याचा थर देतात.

[दृश्य: खड्डा. दोरांनी उतरवला जाणारा रांजण. नंतर तळघर, जमिनीत फक्त गोल तोंडं.]

मग रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. भोवती वाळू आणि माती ठासून. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं होती, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जमिनीखाली ऋतू उशिरा पोचतो आणि तोही सौम्य होऊन. थंडीत वर बर्फ पडला तरी खाली वाइन चौदा-पंधरा अंशांवर निवांत असते. या तळघराला मरानी म्हणतात.

[दृश्य: काखेती. वेलींच्या रांगा, मागे कॉकेशसची बर्फाळ धार. बादल्या, कात्र्या, माणसं.]

सप्टेंबरअखेर रत्वेली, म्हणजे तोडणी. नाशिकची वेल थंडीत झोपत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. इथली वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच, तोडणीही एकदाच. तोडणीच्या आठवड्यात पाऊस आला तर मणी पाणी पितात, साखर उतरते आणि घडाच्या मध्यभागी कूज धरते. कुजलेला एक घड टोपलीत राहिला तर रांजणभर व्हिनेगरची बीजं जातात. म्हणून टोपली उपडी केल्यावर पुन्हा एक नजर.

[दृश्य: लाकडी नांदीत पाय. रस नळीतून जमिनीतल्या तोंडात पडतोय.]

ही सात्स्नाखेली, झाडाच्या बुंध्यातून कोरलेली नांद. पायाने तुडवण्यामागे हौस कमी आणि कारण जास्त आहे. टाच मणी फोडते पण बी फोडत नाही. बी फुटली की कडवट तेल उतरतं. काखेतीत रसामागोमाग सगळा चोथा आत जातो. पश्चिमेकडे इमेरेतीत हात राखून, थोडाच, म्हणून तिथली वाइन अंगाने हलकी.

रांजण काठोकाठ भरायचा नाही. हजार लिटरच्या रांजणात आठशेच्या आसपास. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, सालींवर असतं तेच पुरतं. दोन-तीन दिवसांत फसफस सुरू होते आणि सालींचा जाड थर बुचासारखा वर येतो.

[दृश्य: रात्र. बल्बच्या उजेडात लांब दांड्याने थर खाली दाबताना. बुडबुड्यांचा आवाज मोकळा.]

हा थर दिवसातून तीन ते पाच वेळा खाली दाबावा लागतो. एक रात्र आळस केला की वरची सालं सुकतात, त्यांवर चिलटं बसतात आणि आंबट वास सुटतो. ढवळल्याने उष्णताही बाहेर पडते. मोठ्या रांजणात ती तिशीपार गेली तर यीस्ट दमतं, साखर अर्ध्यावर अडकते आणि अर्धवट गोड वाइन बिघडायला निमित्त शोधत असते. काही जण आता थंड पाण्याची नळी आत सोडतात. त्याला नाक मुरडणारेही आहेत. पण रांजण वाचणार असेल तर नळी बरी.

याच दिवसांत तळघरात धोका असतो. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. आत जाण्याआधी पेटती मेणबत्ती खाली धरतात. विझली तर मागे फिरायचं. पेवात उतरताना आपल्याकडे दिवा सोडून बघायचे, तीच ही गोष्ट.

[दृश्य: झाकण ठेवताना. ओल्या मातीची वळी, अंगठ्याने दाबत गोल फिरणारा हात. अगदी जवळून.]

दोन ते चार आठवड्यांत फसफस थांबते, सालं खाली बसू लागतात. आता मात्र रांजण काठोकाठ भरायचा, दुसऱ्या रांजणातली वाइन घालून. वर हवा उरता कामा नये. मग दगडाचं झाकण, कडेला ओल्या मातीची वळी, वर वाळू. ती माती हिवाळाभर ओली ठेवायची. सुकली की भेग, भेगेतून हवा, आणि वसंतात उघडावं तर व्हिनेगर.

आत आता कुणाला काही करायचं नाही. बिया सगळ्यात जड, त्या टोकात जाऊन बसतात. त्यांवर यीस्टचा गाळ पसरतो आणि बियांचा कडवटपणा खालीच कोंडून राहतो. टोकदार बूड असतं ते यासाठी.

[दृश्य: वसंत. माती खरवडून झाकण उचललं जातं. तुंब्याची पळी आत जाते.]

मार्च-एप्रिलात झाकण निघतं. वाळलेल्या तुंब्याला लांब दांडा लावलेली ही पळी, ओर्शिमो. वरची नितळ वाइन दुसऱ्या, स्वच्छ रांजणात काढतात. खाली राहिलेला चोथा फुकट जात नाही. तो तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करून त्याची कडक दारू निघते. तिचं नाव चाचा. हसू नका, चोथ्यालाही इथे चाचाच म्हणतात.

हजार लिटरच्या रांजणातून चोथा-गाळ वजा जाता सातशे लिटर हाती आले, तर बाटल्या होतात नऊशेच्या आसपास. कारखान्यात एक टाकी बिघडली तर ती दहा टाक्यांत मुरवता येते. ज्याच्या तळघरात दोनच रांजण आहेत, त्याचं निम्मं वर्ष एका झाकणाखाली असतं.

[दृश्य: संग्रहालयात जुन्या मडक्याची खापरं. कृष्णधवल छायाचित्रं.]

तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा इथे सापडलेल्या खापरांत द्राक्षवाइनचे रासायनिक अंश मिळाले. इसवी सनपूर्व ६००० च्या आसपासचे. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सोव्हिएत काळात वाइन कारखान्यात गेली. देशी जाती सव्वापाचशे नोंदलेल्या, पण लावणीत मोजक्याच राहिल्या. १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेत बागा उपटल्या गेल्या. घरापुरता रांजण मात्र गावोगाव भरत राहिला. २००६ साली रशियाने जॉर्जियाच्या वाइनची आयात बंद केली आणि नवी गिऱ्हाइकं शोधणं भाग पडलं. २०१३ साली क्वेव्रीची रीत युनेस्कोच्या यादीत गेली. त्याच वर्षी रशियाची बाजारपेठही पुन्हा उघडली आणि आज निर्यातीतला सर्वांत मोठा वाटा पुन्हा तिकडेच जातो. क्वेव्रीची वाइन देशाच्या एकूण उत्पादनात आजही थोडीच.

[दृश्य: उत्सव, दुपार. द्राक्षाच्या काटक्यांवर भाजलं जाणारं मांस, दोरीला टांगलेली चुर्चखेला (आटवलेल्या द्राक्षरसात बुडवलेली अक्रोडांची माळ), ग्लासांची किणकिण. निवेदन नाही, वीस सेकंद.]

[दृश्य: कट. गावातलं तळघर. रिकाम्या रांजणाच्या तोंडातून फक्त माणसाचा हात दिसतो.]

टेबलावर नवी वाइन संपत आली असताना इकडे धुणं चाललंय. चेरीच्या सालीचे तुकडे दांड्याला बांधून केलेला हा ब्रश, सार्त्सखी. मेणाला ओरखडा न काढता भिंत घासतो. आधी साधं पाणी, मग चुन्याचं किंवा राखेचं, मग पुन्हा साधं. मोठ्या रांजणात माणूस स्वतः उतरतो. शेवटचं पाणी पिता येईल इतकं नितळ यायला हवं. छिद्रात आंबट राहून गेलं तर पुढच्या तोडणीची द्राक्षं त्यातच जायची.

[दृश्य: बादली वर येते. पाणी बशीत ओतून उजेडात धरतात.]

हे चौथं पाणी. अजून गढूळ आहे.

[दृश्य: बादली पुन्हा खाली जाते. आवाज: आतून घासण्याचा.]