पासपोर्ट नाशिकरोडचा, व्हिसा अमेरिकेचा

आपले पासपोर्ट छापले जातात ते आपल्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमधे. पण पासपोर्ट हातात आला की खरी धाकधूक सुरू होते, व्हिसाची. कॉलेज रोडच्या कन्सल्टन्सीत एमएसला निघालेली पोरं आईवडलांना घेऊन बसलेली असतात, कॉलेजचं ॲडमिशनचं पत्र म्हणजे आय-ट्वेंटी आलंय, घर गहाण ठेवून लोन सँक्शन झालंय, आता फक्त मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधला इंटरव्ह्यू.

मे 2025 मधे अमेरिकेने स्टुडंट व्हिसाच्या नवीन अपॉइंटमेंटच थांबवल्या. जूनमधे सुरू केल्या पण अट टाकली, सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करा, आम्ही तपासणार. कारण, राष्ट्रीय सुरक्षा.

आता हे कारण उगाच काढलेलं नाही बरं का. 1993 ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली स्फोट झाला, त्यातली बॉम्बची व्हॅन चालवणारा स्टुडंट व्हिसावर आला होता आणि कॉलेज अर्धवट सोडून तिथेच राहिला होता. म्हणून 1996 ला कायदा झाला, बाहेरच्या विद्यार्थ्यांची कॉम्प्युटरवर नोंद ठेवा. ते काम रखडलं. 11 सप्टेंबर 2001 च्या विमान हल्ल्यातला एक हल्लेखोर हानी हंजूर इंग्लिश शिकायला म्हणून स्टुडंट व्हिसावर आला, क्लासला गेलाच नाही, कुणाला पत्ता नाही. आणि कहर म्हणजे त्याच हल्ल्यातल्या दोघांना विद्यार्थी म्हणून राहायची परवानगी दिल्याची पत्रं त्यांच्या फ्लाइंग स्कूलला पोचली मार्च 2002 मधे, ते मरून सहा महिने झाल्यावर! सेव्हिस ही नोंदणीची सिस्टिम चालू झाली थेट 2003 ला.

म्हणजे घोळ होता तो सरकारी नोंदीत. कोण आलं, कॉलेजला जातंय का, हे बघायलाच हवं. ओझरला एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना आणि देवळालीला तोफखान्याचं स्कूल असलेल्या नाशिककरांना सुरक्षेचं महत्त्व वेगळं सांगायची गरज नाही. पण कुठली पोस्ट चालते आणि कुठली नाही हे पोरांना कोण सांगणार? फॉर्ममधे मागच्या पाच वर्षांची सगळी अकाउंट्स लिहायची असतात, म्हणून मग पोरं घाबरून जुनं सगळं डिलीट करत बसतात, आणि नकार आला की बहुतेकदा हातात 214(बी) या व्हिसा नाकारायच्या कलमाचा छापील कागद, त्यात तुझं नेमकं काय खटकलं ते नसतंच.

2023-24 मधे अमेरिकेत भारताचे 3,31,602 विद्यार्थी होते, सगळ्या देशांत जास्त. तपासणी जरूर करा, पण नियम अर्ज भरायच्या आधी सांगा, नकाराचं कारण लिहून द्या, आणि ते ऑगस्टचं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत द्या, कारण ती तारीख हुकली की ॲडमिशन पुढे ढकला आणि लोनसाठी बँकेच्या चकरा परत पहिल्यापासून.