गळू बरे होते, मग पुन्हा का उठते?

काखेत, मानेवर, जांघेत किंवा बैठकीच्या जागी, म्हणजे जिथे केस, घाम आणि घर्षण एकत्र येतात तिथे, लाल आणि टणक गाठ उठते. काही दिवस ती ठसठसत राहते, पिकते, तोंड पडून पू वाहून जातो आणि ठणका एकदम ओसरतो. केसाच्या मुळाशी होणाऱ्या या गळवाला आपल्याकडे केसतोड म्हणतात. एखादे गळू आले आणि गेले, तर चिंतेचे कारण नाही. मात्र ते वारंवार होऊ लागले की त्याचे मूळ गळवाबाहेर शोधावे लागते.

पुवाचा थेंब काचपट्टीवर पसरून ग्रॅम पद्धतीने, म्हणजे जिवाणू ओळखण्यासाठीच्या खास रंगांनी, रंगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या गोल जिवाणूंचे घोस दिसतात. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली अशा जिवाणूंचा गळवाशी असलेला संबंध दाखवून दिला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा तो जिवाणू. सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो कसलाही त्रास न देता राहतो आणि तिथूनच बोटांवर, वस्तऱ्यावर, घरातल्या सामाईक टॉवेलवर पोहोचतो. म्हणूनच एकाचे गळू बरे होते न होते, तोच दुसऱ्याला उठते.

‘अंगात उष्णता झाली’, ‘आंबे फार खाल्ले’, ही कारणे घरोघरी ऐकू येतात. आंब्याचा हंगाम आणि घामाचे दिवस एकच, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. या समजुतींपायी रक्तातील साखर तपासायची राहून जाते, ही खरी काळजीची गोष्ट आहे, कारण न कळलेला मधुमेह कधीकधी वारंवार होणाऱ्या गळवांमुळेच उघडकीस येतो.

लहान गळवाला दिवसातून तीन-चार वेळा कोमट ओल्या फडक्याने शेक द्यावा. ते पिळू नये, नाकाजवळचे किंवा वरच्या ओठावरचे तर मुळीच नाही. मोठ्या गळवाला डॉक्टरांनी चीर देऊन पुवाचा निचरा करणे, हाच मुख्य उपचार. नुसत्या गोळ्यांनी साचलेला पू जात नाही. ताप आला, लाली पसरू लागली किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर प्रतिजैविक लागू शकते, आणि ते पुवाच्या कल्चर तपासणीवरून, म्हणजे त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून, ठरावे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अर्धवट गोळ्यांनी दाद न देणारे जिवाणू वाढतात.

पुनरावृत्ती थांबवण्यासाठी डॉक्टर बहुधा नाकात मुपिरोसिन हे प्रतिजैविक मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस लावायला आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंघोळ करायला सांगतात. टॉवेल, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात, आणि घरात इतरांनाही गळवे होत असतील तर सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हावा.

मात्र काखेत आणि जांघेत वर्षानुवर्षे गळवे होत असतील, व्रण राहून त्वचेखाली बोगद्यांसारख्या वाटा तयार होत असतील, तर तो हायड्रॅडेनायटिस सुप्युरेटिव्हा हा वेगळाच, दीर्घकालीन दाहाचा आजार असू शकतो. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. तरीही संकोचापोटी कित्येक रुग्ण, विशेषतः तरुण स्त्रिया, तो लपवून ठेवतात, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे येईपर्यंत ते व्रण कायमचे झालेले असतात.