२२५ प्रश्नांच्या आधीची वर्षं

फोन, घड्याळ, पाकीट लॉकरमध्ये ठेवायचं. समोर फक्त संगणकाचा पडदा. सव्वाचार तासांत २२५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ६८ सेकंद. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्रपणे काम करायचं, तर डॉक्टरेट मिळवूनही ही परीक्षा द्यावीच लागते. तिचं नाव ईपीपीपी. यातल्या १७५ प्रश्नांचेच गुण धरतात. उरलेले ५० प्रश्न परीक्षा घेणाऱ्यांना नुसते चाचपून पाहायचे असतात. कोणते, ते सांगत नाहीत.

कुठल्या विद्यापीठाचे किती जण पास झाले, हे आकडे जाहीर होतात. त्यात पीएचडी केलेले सरासरीने सायडी, म्हणजे ‘डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी’ ही पदवी केलेल्यांच्या पुढे दिसतात. या दोन वाटा जुन्या आहेत. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या परिषदेत ठरलं, की मानसशास्त्रज्ञ संशोधकही हवा आणि उपचारकही; ही पीएचडीची वाट. १९७३ मध्ये त्याच राज्यातल्या व्हेलच्या परिषदेने उपचारांवर भर देणाऱ्या सायडीलाही मान्यता दिली.

मग पीएचडीत शिकवतात चांगलं, असं म्हणायचं? मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. पीएचडीच्या एका तुकडीत अनेकदा आठ-दहाच विद्यार्थी असतात. फी माफ, वर विद्यावेतन. निवडही फार कडक. सायडीच्या अनेक तुकड्या मोठ्या, आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कर्ज. नोकरी सांभाळून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याची तुलना आपण कोणाशी करतो आहोत? जिथे दारातच कडक चाळणी लागते, तिथला निकाल चांगला लागणारच. त्यातलं श्रेय शिकवण्याचं किती, हे नुसत्या टक्केवारीतून कळत नाही.

शिवाय मधे काळ जातो. संख्याशास्त्र, मेंदूचं कार्य, बालविकास हे विषय पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकवून होतात. पुढे प्रबंध, मग वर्षभराची इंटर्नशिप. रोज माणसांची दुःखं ऐकणाऱ्याला विचारतात ते वर्गात कधीकाळी शिकलेलं. म्हणून कित्येक जण पदरचे पैसे घालून पुन्हा शिकवणी लावतात. मला सर्वांत जास्त हेच खटकतं.

इथून तिकडे शिकायला जाऊ पाहणाऱ्यांनी एक करावं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना आपली माहिती संकेतस्थळावर मांडावीच लागते: खर्च किती, पदवीला किती वर्षं लागतात, परवाना कितींना मिळाला. तिथेच आणखी एक रकाना असतो, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचा. अर्ज भरण्याआधी तोही वाचा.