परीक्षेनंतरचा एप्रिल

(साक्षरता वर्गांचे स्वयंसेवक, ग्रंथालय कार्यकर्ते आणि बचत गटांच्या सहयोगिनी यांच्यासमोर केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेली मंडळी पाहून मला फार बरं वाटतंय. वर्ग चालवणारे, ग्रंथालय सांभाळणारे आणि बचत गटांच्या बैठका घेणारे तुम्ही सगळे एकाच गावात काम करता, पण एका खोलीत क्वचितच येता. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात केरळपासून करते. ४ फेब्रुवारी १९९० रोजी एर्नाकुलम हा देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. या मोहिमेत एका बाजूला जिल्हा प्रशासन होतं आणि दुसऱ्या बाजूला केरळ शास्त्र साहित्य परिषद, म्हणजे विज्ञानप्रसाराचं काम करणारी लोकसंघटना. हजारो स्वयंसेवक बिनपगारी शिकवत होते. वर्ग सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अनेक वयस्कांना पाटीवरचं अक्षर दिसतच नाही. शिकवणं कितीही चांगलं असलं तरी डोळ्यांपुढे धूसर असेल तर माणूस काय वाचणार? मग लोकांना आवाहन केलं गेलं, घरोघरचे वापरात नसलेले चष्मे हजारोंनी गोळा झाले आणि कोणाच्या नजरेला कोणता चष्मा चालेल हे पाहायला काही कार्यकर्ते शिकले.

मला ही हकीगत फार महत्त्वाची वाटते. चष्म्याची गरज कळली ती शिकणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला. पण एकट्या स्वयंसेवकाला ती भागवता आली नसती. त्यासाठी अख्ख्या जिल्ह्यात पोहोचलेली संघटना हवी होती आणि तिच्या पाठीशी प्रशासनाचं वजन हवं होतं. दोन संस्थांनी एकत्र येण्याचा उपयोग असा असतो. करारावर सह्या करून फोटो काढले की भागीदारी झाली असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो.

हे सगळं महाराष्ट्राला नवं नव्हतं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ साली. आणि १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती पुढे राज्यभर नेण्यात आली. प्राथमिक शिक्षक शाळा सुटल्यावर मोठ्यांना शिकवत. वर्गाला जागा आणि उजेड गाव पुरवी. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई, आणि अख्खा गाव त्यात सामील होई. शाळा आणि गाव यांची इतकी सहज जोडी नंतरच्या कोणत्याही सरकारी योजनेला जमली असं मला वाटत नाही.

पण समारंभानंतर काय झालं? बऱ्याच ठिकाणी माणसं शिकलेलं विसरली. यात शिकणाऱ्याला दोष देण्यासारखं काहीच नाही. गावात वाचायला काही नसेल, लिहायचं कारण नसेल, तर वर्षभरात बोटं पुन्हा अंगठ्याकडे वळतात. फिरती वाचनालयं निघाली, पाठपुरावा वर्ग झाले, पण पुरेसे नाहीत. मोहिमेचा भागीदार होता, मोहिमेनंतरचा नव्हता.

आता आजचं पाहा. २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, ज्याला आपण उल्हास म्हणतो. १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी तो आहे आणि त्यातही शिकवणारे स्वयंसेवकच आहेत. परीक्षा १५० गुणांची असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. आपल्याकडे ती मार्च महिन्यात झाली तेव्हा सत्तरीच्या आज्या नातवंडांना सोबत घेऊन केंद्रावर आल्या होत्या, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. कागदावर या कार्यक्रमाचे पाच भाग आहेत आणि शेवटचा भाग निरंतर शिक्षणाचा आहे. प्रत्यक्षात सगळा जोर पहिल्या भागावर, म्हणजे परीक्षेपर्यंत. माझा प्रश्न एप्रिलचा आहे. उत्तीर्ण झालेली बाई एप्रिलमध्ये कुठे जाते?

याचं उत्तर शोधायला नवी संस्था काढायची गरज नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात शासनाचं अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली आहेत. त्यातली कितीतरी ‘ड’ वर्गाची, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीची, एका खोलीची. तरी खोली आहे, कपाट आहे, रोजचं वर्तमानपत्र येतं. साक्षरता वर्ग मात्र शेजारच्या शाळेत भरतो आणि या दोघांची ओळख नसते. एक शिक्षण विभागाचं, दुसरं ग्रंथालय संचालनालयाचं. ग्रंथपालाला नवसाक्षरांची यादी कोणी देत नाही आणि स्वयंसेवकाला ग्रंथालयाची वेळ माहीत नसते. शिवाय ती वेळ बहुधा अशी असते की शेतावर जाणाऱ्या बाईला तिचा काही उपयोग नाही.

वेळ ही बारीकसारीक बाब समजू नका. मुंबईत १९६७ साली वरळीला श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. युनेस्को, केंद्र सरकार आणि शहरातली समाजशिक्षण समिती यांनी मिळून ते उभं केलं. कामगाराच्या कामाला आणि त्याच्या वेळेला धरून अभ्यासक्रम आखायचा, हा त्यामागचा विचार. पुढे देशभर निघालेल्या जन शिक्षण संस्थांचं, म्हणजे असाक्षर-नवसाक्षरांना व्यवसाय शिकवणाऱ्या केंद्रांचं, मूळ इथेच आहे. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी सुरू झालेली आजीबाईंची शाळाही दुपारी भरते, घरकाम आटोपल्यावर. कल्पना जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची, पाट्या-दप्तरं आणि गुलाबी साड्या एका धर्मादाय ट्रस्टच्या, शिकवणारी गावचीच सून. आज्यांना पोथी वाचायची होती, स्वतःचं नाव लिहायचं होतं. त्यांच्या इच्छेवर शाळा उभी राहिली, म्हणून परीक्षा नसतानाही त्या दप्तर घेऊन येत राहिल्या.

बचत गटाच्या सहयोगिनींना मला हे मुद्दाम सांगायचं आहे. दर महिन्याची बैठक, हजेरी, इतिवृत्त, कर्जाचा हप्ता, पासबुकावरची नोंद, एवढं लिहायचं-वाचायचं काम दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी नवसाक्षर बाईच्या वाट्याला येणार नाही. पण बहुतेक गटांत दप्तर एकच सचिव लिहिते, तीच वर्षानुवर्षे. ती हुशार असते, घाईही असते, मी समजू शकते. तरी पाळीपाळीने इतिवृत्त लिहिलं तर? पहिल्या महिन्यांत चुका होतील, हिशेब दोनदा तपासावा लागेल. ते कष्ट आपण घेतले पाहिजेत, कारण पासबुक स्वतः वाचणाऱ्या बाईला कोणी सहज फसवू शकत नाही.

तेव्हा आज उठण्यापूर्वी एक काम करू या. तालुक्यांप्रमाणे बसा. पुढच्या परीक्षेला बसणाऱ्यांची यादी स्वयंसेवकांकडे आहेच, तिची एक प्रत ग्रंथपालाला आणि एक सहयोगिनीला द्या. परीक्षेनंतरच्या आठवड्यातला एक दिवस आणि बायकांना सोयीची वेळ ठरवा, ग्रंथालयाची किल्ली त्या दिवशी कोणाकडे असेल त्या व्यक्तीचं नाव लिहा. मोठ्या टायपातली पुस्तकं कमी पडतील, ती कोणत्या ट्रस्टकडे मागायची तेही लिहा. आणि डोळे तपासायला ग्रामीण रुग्णालयातून कोणी येईल का, हे सोमवारी विचारायची जबाबदारी कोणाची, तेही इथेच ठरू द्या. कोरे कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत.