बापाचं नाव

(दांडिया बाजार, सकाळ. जुन्या वाड्याच्या ओट्यावर आजी भाजी निवडत बसली आहे.)

बडोद्यातला जन्मदाखला गुजरातीत. त्यावर ‘पितानुं नाम’ असं छापलेलं, पण या बाळाच्या दाखल्यात त्यापुढे काहीच नाही. आई अविवाहित. कुणी विचारलंच तर आजी “जावई दुबईला असतात” म्हणून वेळ मारून नेते. कायद्याला या सारवासारवीची गरज नाही. प्रतिज्ञापत्रावर आईला दाखला मिळावा आणि पालकत्वासाठी तिच्यावर बापाचं नाव सांगायची सक्ती नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगून टाकलं आहे.

पण बापाकडून खावटी, म्हणजे पोटगी, हवी असेल तर?

संसारात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. इथे लग्नच नाही, तेव्हा सगळं मुळापासून सिद्ध करायचं: फोटो, मेसेज, दवाखान्याच्या कागदावरची बापाची सही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, औरस-अनौरस असा भेद न करता मुलाला खावटी देतं. निकाल लागेपर्यंत अंतरिम खावटीही मागता येते.

(नमुना घेण्याची खोली.)

तो “मूल माझं नाही” म्हणाला की डीएनएचा विषय निघतो. मागितली म्हणून चाचणी मिळत नाही. आधी प्रथमदर्शनी पुरावा लागतो. आदेश झाला की आई, मूल आणि तो, तिघांचे नमुने. बाळाच्या टाचेला सुई, कार्डावर रक्ताचे चार ठिपके, फॉर्मवर फोटो, सह्या, पाकिटावर लाखेचं सील. मग पाकीट प्रयोगशाळेकडे. त्याने नमुना द्यायचं नाकारलं, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी बरीच वर्षं टाळत राहिले. शेवटी रक्त द्यावंच लागलं, आणि २०१२ साली रोहित शेखर त्यांचाच मुलगा निघाला.

“बाप ठरला की बाळ घेऊन जाईल,” ही आजीची भीती. तसं होत नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात अशा मुलाची पालक आधी आई, तिच्यानंतर बाप.

वारशाचं मात्र वेगळं, आणि आमच्या मते अन्यायाचं. हिंदू वारसा कायदा या मुलाचं नातं आईशी जोडतो, बापाशी नाही. अहवालात शिक्कामोर्तब झालं तरी बापाच्या घरात वाटा हवा असेल, तर त्याने मृत्युपत्र करायला हवं.